साडेसात-सोळाची सहा चाकं

हॅरिगन्स वेल, बर्ड्सव्हिलच्या वाटेवर
१८ मे १९७९

तुमच्या मुलानं गाडीला जत्रेतल्या पाळण्याची चाकं बसवली आहेत आणि तुम्ही ती बसवू दिलीत, हे मला मुळीच पटलेलं नाही. नमस्कार खाली घालते. आधी हे वाचा.

तुमच्या सुनेनं, ब्रॉननं फोटो पाठवलाय. स्टेलिओ गाडीच्या पुढच्या चाकावर पाय ठेवून उभा आहे, जसं काही त्यानं ते चाक स्वतः गोळी घालून पाडलंय. पांढऱ्या आऱ्या, उशीएवढा रुंद टायर, वर कंपनीचं नाव लांबून वाचता यावं असं रंगवलेलं. मागं लिहिलंय, आजी, जुलैत यानीला घेऊन तुझ्याकडे येतोय, गाडी बघ कशी दिसते. गाडी छान दिसते. शहरात सिनेमाला जायला उत्तम आहे.

तुम्ही ही वाट पाहिलेली नाही म्हणून सांगते. मारी गाव सोडलं की डांबर संपतं. पुढे दोन चाकोऱ्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तांबडे दगड, प्रत्येकाला धार. अरुंद टायर चाकोरीत नीट बसतो. रुंद टायर चाकोरीत मावत नाही, त्याची एक कड कायम दगडांवर घासत राहते. आणि टायरची कड म्हणजे माणसाची कूस. तिथंच सगळ्यात पातळ. वाळूत रुंद टायर बरा, हे मी नाकारत नाही, पण वाळू दोनच ठिकाणी आहे आणि तिथं अरुंद टायरमधली हवा थोडी सोडली की तोही जातो.

दुसरं याहून मोठं. मारीपासून वरपर्यंत प्रत्येक कुरणावर एकाच मापाची चाकं असतात, साडेसात-सोळा, म्हणजे टायर साडेसात इंच रुंद आणि रिम सोळा इंची, सहा बोल्टांची. कुणी कायदा केलेला नाही. वाटेत कुणी अडकलेलं दिसलं की मागून येणारा आपली स्टेपनी काढून त्याला देतो आणि त्याचं फाटलेलं चाक आपल्या गाडीत टाकतो. विचारायचं नसतं. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक कुरणाचा रंग चाकाच्या आतल्या अंगाला फासलेला असतो. आमचा पिवळा, हेक क्रॉम्बीचा हिरवा, डल्सीचा लाल. सप्टेंबरात घोड्यांच्या शर्यतीला सगळे जमतात तेव्हा चाकं आपापल्या घरी जातात. आता तुमचा मुलगा ती पंधरा इंची पांढरी चाकं घेऊन दगडांत अडकला तर हेक त्याला पाणी देईल, चहा देईल. चाक देऊ शकणार नाही.

सन एक्कावन्नमध्ये याच पट्ट्यात दोन माणसांचे तीन टायर फुटले. एक गाडीपाशी बसून राहिला, तो वाचला. दुसरा मदत आणतो म्हणून चालत निघाला. सहा मैलांवर मेलेला सापडला. त्याला धुऊन त्याच्या अंगात शर्ट मी घातला. म्हणून लिहितेय, मला हौस नाही.

स्टेलिओला तुम्ही सांगा. मी मुलीकडची. ब्रॉनची आई गेल्यापासून मी तिला वाढवली खरी, पण मी बोलले की ते आजेसासूचं बोलणं होतं. तुम्ही आई आहात. आमच्या बिनतारीवरून निरोप धाडता आला असता, पण तिच्यावर इथून क्वीन्सलँडपर्यंत सगळे कान लावून बसलेले असतात.

नमस्कार. तब्येत बरी असेल. लग्नात तुम्ही पानात गुंडाळलेला भात वाढलात तो मला आवडला होता, तेव्हा सांगायचं राहिलं. यानी आता चौदा महिन्यांचा झाला असेल. मी त्याला फोटोतच पाहिलाय. मला तो जिताजागता बघायचाय.

मर्ल पेंगेली

*

अ‍ॅडलेड
२७ मे १९७९

मर्ल विहीणबाईंना डेस्पिनाचा नमस्कार, आणि तो वरच घालते. तक्रार वर आणि नमस्कार खाली असं आमच्या गावात फक्त सारा वसूल करणाऱ्याला लिहीत. मला इंग्रजी लिहिता येत नाही. मी बोलतेय, माझी मुलगी वासो लिहितेय. जिथं राग दिसेल तो माझा समजा, चुका तिच्या.

ती चाकं माझ्या मुलानं तीन हिवाळे पहाटे चार वाजता मासळीबाजारात पेट्या उचलून घेतली आहेत. मूळची चाकं दुकानात देऊन टाकली, ती एका बटाटेवाल्यानं नेलीसुद्धा. नवी बसवून आणली त्या दिवशी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. का, ते तुम्हाला कळायला हवं होतं. लग्नात तुम्ही त्याच्याशी दोनच वाक्यं बोललात. एक होतं, मीठ इकडे सरकव. दुसरं होतं, मासे विकणाऱ्याला गुरांचं काय कळणार. तीन वर्षं झाली, तो ते विसरलेला नाही. तुमच्या दारात गाडीतून उतरताना त्याला छाती काढून उतरायचंय. मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू की तुझी छाती चुकीच्या मापाची आहे?

हे सगळं बोलून झालं. आता खरं सांगते. तुमचं पत्र वासोनं दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी मी चुलीवरची कॉफी उतू जाऊ दिली.

माझे वडील नालबंद होते. आमचं गाव आर्केडियाच्या डोंगरात, तिथं सगळा दगडच. श्रीमंत लोक घोडे घेऊन येत, मोठे, रुंद खुरांचे, आणि दोन दिवसांत लंगडत आमच्या दारात उभे राहत. खेचराचा खूर अरुंद, ते दगड बघून पाय ठेवतं. वडील म्हणायचे, घोडा बघायला, खेचर जायला. आणि तिकडच्या पाच गावांत नालाला खिळे एकाच मापाचे, म्हणजे वाटेत नाल निघाला तर कुठल्याही दारात खिळा मिळे. तेव्हा तुमची चाकांची रीत मला समजावून सांगायची गरज नाही. मी तिच्यातच वाढले.

पण मी सांगितलं तर तो म्हणणार, आईला गाडीतलं काय कळतं. आणि बायकोसमोर त्याची मान खाली जाणार ती वेगळीच. माझी सून मात्र त्या चाकांबद्दल चकार शब्द बोलत नाही. इतर वेळी ती मिठावरूनही बोलते. ती का गप्प आहे ते तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

मला एकच नातू आहे. तुम्ही त्या माणसाला धुतल्याचं लिहिलंत ते लिहायला नको होतं. (आई रात्री उठून मेणबत्ती लावते. हे तिनं सांगितलेलं नाही, मी लिहितेय. वासो.)

डेस्पिना मानेसी

*

हॅरिगन्स वेल
८ जून १९७९

डेस्पिनाबाई, नमस्कार. बघा, वर घातला.

ते मासेवाल्याचं मी बोलले होते. मला मासे कळत नाहीत, म्हणून त्याला गुरं कळणार नाहीत असं गृहीत धरलं. मागं घेते. तोंडावर मागं घ्यायला मला जमणार नाही, ते तुम्ही कधीतरी योग्य वेळ बघून त्याला सांगा.

तुमची सून का गप्प आहे ते मला ठाऊक आहे. ज्या विमानानं तुमचं पत्र आलं त्याच थैलीत तिचंही होतं. चार ओळी. आजी, स्टेलिओला कळू न देता सांग, जुन्या मापाची दोन चाकं मारीच्या दुकानात मिळतील का, माझ्याच्यानं दोनच होतील, चारांचं मला जमणार नाही, आणि तू त्याच्यावर ओरडू नकोस. ही पोर याच दगडांवर वाढली. तिला त्या चाकांचं काय होणार ते पहिल्या दिवशीच कळलं असणार. तरी तिनं गल्लीसमोर उभं राहून छान दिसतात म्हटलं. मी तिला असं काही शिकवलेलं नाही, हा गुण तुमच्याकडचा असावा.

दोन चाकांनी भागत नाही. ही गाडी चारी चाकांनी ओढते. पुढे एका मापाची आणि मागे दुसऱ्या मापाची लावली तर आतले दाते एकमेकांशी भांडून मोडतात. म्हणजे आणखी दोन हवीत, आणि ती स्टेलिओनं घ्यायला हवीत, स्वतःहून. तेही ब्रॉनला न सांगता.

तुम्ही विचाराल, एवढी लपवाछपवी कशाला, दोघांना समोरासमोर बसवा. बसवून बघा. तो म्हणणार तू माझ्यावर हसत होतीस, ती म्हणणार तू मला विचारलं नाहीस, आणि शेवटी हट्टापायी ती पांढरी चाकंच घेऊन निघणार. माझा नवरा असाच होता, तुमचाही असेल. म्हाताऱ्यांनी सुचवलं असा वाससुद्धा यायला नको. दोघांनाही वाटू दे की अक्कल आपलीच.

तेव्हा ब्रॉनला मी आज लिहितेय, दोन घे, मारीच्या दुकानात सांगून ठेव. दोनच का पुरतात हे ती विचारेल, मी उत्तर देणार नाही. तुम्ही तुमच्याकडचं बघा. स्टेपनीची काळजी करू नका, शेडमध्ये माझी पिवळी दोन पडून आहेत, ती टपालाच्या ट्रकनं मारीला धाडते. म्हणजे सहा झाली. टायर दहा पदरीच घ्यायचा, ट्यूबचा. दुकानदार नव्या तऱ्हेचा बिनट्यूबचा दाखवेल. त्याला म्हणावं, तो दगडांत फाटला की तूच ये शिवायला.

मर्ल

*

अ‍ॅडलेड
१७ जून १९७९

मर्लबाई, मला काही करावंच लागलं नाही.

मी रविवारभर विचार करत होते, कसं काढावं, कुठून काढावं. सोमवारी स्टेलिओ बाजारातून आला तो सरळ स्वयंपाकघरात. बसला. त्याच्यापुढे ठेवलेली मसूर खाईना. मग म्हणाला की बाजारात बर्फ आणणारा एक ट्रकवाला आहे, तो पूर्वी तुमच्या वाटेवरून गुरं आणायचा. यानं त्याला मोठ्या तोऱ्यात चाकं दाखवली. तो माणूस गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, छान आहेत, समुद्रकिनाऱ्यावर चाललायस का?

एवढंच. पण ते याच्या पोटात चार दिवस बसलं होतं.

मी म्हटलं, मग बदल की.

"ब्रॉनला काय सांगू? सगळ्या गल्लीसमोर नाचलो मी त्या चाकांभोवती. ती हसेल."

मी म्हटलं, सांगू नकोस. दोन घे, गुपचूप, आगगाडीनं मारीला पाठव.

"दोन घेऊन काय करू? चार लागतात, आई."

"बाकीची दोन देवावर सोड."

"देव टायर विकतो का?"

"तू तुझी दोन घे."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता सगळं बाहेर पडतं. मी मसुरीत व्हिनेगर घालत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन घेतली. साडेसात-सोळा, दहा पदरी, ट्यूबची. वासोनं पावतीवर वाचून दाखवलं.

शनिवारी सात जुलैला निघतात. रविवारी मारी. मंगळवारी दुपारच्या चहाला तुमच्याकडे. मंगळवारी आमच्यात कुणी प्रवास करत नाही, नवं कापडसुद्धा कापत नाही. मी सांगून पाहिलं, ब्रॉन म्हणाली रजा तेवढीच आहे. तुम्ही त्या दिवशी जरा लक्ष ठेवा. ऑलिव्हचा डबा देतेय. बिया गिळू नका.

डेस्पिना

*

हॅरिगन्स वेल
२९ जून १९७९

डेस्पिनाबाई,

निघायच्या आदल्या दिवशी स्टेलिओला इतकं सांगा, तुमच्या त्या ट्रकवाल्याच्या नावावर सांगितलंत तरी चालेल. दगड सुरू झाले की हवा पाच पौंडांनी कमी करायची आणि ताशी पस्तीस मैलांच्या वर जायचं नाही. पाण्याचे दोन कॅन, एक वर बांधलेला आणि एक आत. जॅकखाली ठेवायला फळी. टायर रिममधून काढायच्या दोन टॉम्या. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालायचं नाही. हे तीनदा सांगा.

चाकं मारीत पोचली. तिघांच्या नावांनी, तीन कोपऱ्यांत. दुकानदाराला मी बिनतारीवरून सांगितलं की ते दोघं येतील, आपापलं वेगवेगळं विचारतील, तू तोंड मिटून ठेव. आता बिनतारीवर सांगितलं म्हणजे सगळ्या वाटेला कळलं. प्रत्येक घरात बिनतारी स्वयंपाकघरातच असते, आणि ही दोघं वाटेत पाणी प्यायला जिथं थांबतील तिथं कुणीतरी चाकांचा विषय काढायचा. म्हणून मी एकेकाला नाव घेऊन बजावलं. हेकला, डल्सीला, दुकानदाराला. या पोरांबद्दल आणि चाकांबद्दल बिनतारीवर एक अक्षर नको. मी सांगेपर्यंत नको. सगळ्यांनी कबूल केलं. आमच्याकडची माणसं एकदा कबूल झाली की खांबासारखी असतात.

मंगळवारचं तुमचं तुम्ही बघा. मी केकचं बघते.

मर्ल

*

हॅरिगन्स वेल
१३ जुलै १९७९

डेस्पिनाबाई, तिघंही माझ्या स्वयंपाकघरात आहेत. यानी टेबलाखाली कुत्र्याचं भांडं वाजवतोय. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना वासोला तुम्हाला पाणी आणून द्यावं लागणार नाही.

मंगळवारी चहाच्या वेळी ती आली नाहीत. मी म्हटलं, लहान मूल बरोबर आहे, उशीर होतो. पाच वाजता बिनतारीची वेळ असते. माझ्या मनात आलं सरळ विचारावं. पण मीच सगळ्यांची तोंडं शिवली होती, आणि ती दोघं जर कुणाच्या स्वयंपाकघरात बसलेली असली तर महिन्याभराचं गुपित माझ्याच तोंडून फुटायचं. म्हणून आडून विचारलं, वाटेची काही खबर आहे का. हेक म्हणाला, काही नाही. डल्सी म्हणाली, इकडेही काही नाही. मारीचा दुकानदार म्हणाला, सगळं शांत.

याचा अर्थ मी काय घ्यायचा? मारी सोडल्यापासून त्यांना कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे ती दगडांच्या पट्ट्यात आहेत. त्याच सत्तर मैलांत.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. तुम्हाला तार करावी असं मनात आलं होतं. केली नाही. तुम्हाला राग येईल, तो मी सोसेन. तार मिळून तुम्ही तिथं काय केलं असतं? मेणबत्त्या लावल्या असत्या, त्या तुम्ही तशाही लावत होतातच.

बुधवारी उजाडल्यावर पिकअपमध्ये पाण्याची दोन पिंपं चढवली, पाव, घोंगड्या, दूध. निघायच्या आधी स्टेपनी बघायला गेले तर स्टेपनी नाही. असणार कुठून? दोन्ही पिवळी मीच मारीला धाडली होती. दुसऱ्याच्या मुलाला चाकांवरून तीन पत्रं धडे दिले, आणि मी स्वतः चार चाकांवर, पाचवं नसताना, त्याच दगडांत निघाले होते. तरी निघणारच होते. सात वाजता बिनतारीवर सांगितलं, लपवायचं आता काही राहिलेलं नव्हतं. म्हटलं, माझी नात, तिचा नवरा आणि मूल कालपासून बेपत्ता आहेत, मी शोधायला निघालेय, माझ्याकडे स्टेपनी नाही, दक्षिणेकडून कुणीतरी मला भेटायला निघा.

बिनतारी खरखरली. मग डल्सी.

"मर्ल, बेपत्ता कुठं? इथं बसलीयत. माझी बिस्किटं खातायत."

मी माइक टेबलावर ठेवला. तिला वाटलं मी ऐकलं नाही. ती म्हणाली, काल दुपारपासून इथंच आहेत, तूच म्हणालीस ना एक अक्षर नको म्हणून, काल तू विचारलंस तेव्हा आम्हाला वाटलं तू आमची परीक्षा घेतेयस. मग हेक मध्ये घुसला, की काल दुपारी मीच त्यांना चाक दिलं. मग मारीचा दुकानदार, की सोमवारी निघाली तेव्हा ठणठणीत होती. सगळे एकदम बोलायला लागले, सगळ्यांना सगळं माहीत होतं, सगळ्यांनी कबूल केलं होतं. एकटी मीच वेडी.

मी बाहेर जाऊन पाण्याच्या पिंपावर बसले. किती वेळ ते माहीत नाही. केक कालपासून ओव्हनमध्येच होता, त्याचा कोळसा झाला होता.

आता सुरुवातीपासून, जसं मला ब्रॉननं सांगितलं तसं. सोमवारी सकाळी मारीत ती म्हणाली, मी जरा दूध आणते. तो म्हणाला, मी जरा तेल बघतो. ती दुकानात पुढच्या दारानं गेली, तो मागच्या. दुकानदार मिटल्या तोंडानं एका हातानं तिची दोन चाकं ढकलत आला आणि दुसऱ्या हातानं त्याची दोन. मधोमध आणून ठेवली आणि आत निघून गेला. चार चाकं, आणि दोन बाजूंना ही दोघं. ब्रॉन म्हणते, दोघांनी एकदमच चाकं मोजली. मग स्टेलिओ म्हणाला, "तू केव्हापासून?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. तू?" तो म्हणाला, "मला जरा उशीर झाला." मग दोघं तिथंच जमिनीवर बसून इतकी हसली की यानी रडायला लागला. ती अजून म्हणतात, कसा योगायोग बघ आजी. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

पांढरी चारही मारीत ठेवली, परतताना घेतील; माझी पिवळी दोन दुकानदारानं स्टेपनी म्हणून गाडीत टाकली. मंगळवारी सकाळी दगडांत आधी एक फुटलं, मग तासाभरात दुसरं. माझी दोन्ही पिवळी लागली. मग तिसरं, पिवळ्यांतलंच एक. स्टेलिओनं टॉम्या लावून टायर रिममधून काढला, ट्यूबला ठिगळ लावलं, हातांची सालं गेली, ठिगळ धरलं नाही. तेव्हा ब्रॉन म्हणाली, चालायचं नाही. तो म्हणाला, मी कुठं चाललोय, आईनं मला तीनदा सांगितलंय. दोघांनी गाडीच्या सावलीत घोंगडी टाकली, यानीला ऑलिव्ह चोखायला दिलं. दुपारी हेक आला. त्यानं काही न बोलता गाडीच्या मागून आपलं हिरवं चाक काढलं, लावलं, यांचं फाटलेलं उचललं, आणि म्हणाला, सप्टेंबरात दे. स्टेलिओ मला सांगत होता, "त्यानं माझं नावसुद्धा विचारलं नाही." मी म्हटलं, त्याला नाव पाठ होतं, इथं सगळ्यांना पाठ आहे. मग हेकनं त्यांना डल्सीकडे नेलं आणि डल्सीनं एकदा मूल हातात घेतलं म्हणजे ती सोडत नाही. ब्रॉननं तिला विचारलं होतं, आजीला कळवलं का. डल्सी म्हणाली, तुझ्या आजीला सगळं ठाऊक आहे.

पांढऱ्या चाकांवर असती तर हेकचं हिरवं त्यांना बसलं नसतं. हे मी त्याला बोलून दाखवलेलं नाही. तोच बुधवारी इथं पोचल्यावर अंगणात चाकाशी उकिडवा बसून मला म्हणाला. मी मान हलवली. मग चहा आणून दिला आणि तुमच्यावर सोपवलेलं ते मासेवाल्याचं तिथंच तोंडावर मागं घेतलं. जमलं मला. तो म्हणाला, गुरांचं मला खरंच काही कळत नाही. मी म्हटलं, काल तीन चाकं काढलीस, आता ते कमी महत्त्वाचं आहे.

त्यांच्या चार चाकांना रंग नव्हता. इथं बिनरंगाचं चाक म्हणजे परक्याचं. काल शेडमधून डबे काढले आणि विचारलं, कुठला. पिवळा आमचा, हिरवा हेकचा, लाल डल्सीचा. त्यानं निळा घेतला. म्हणाला, बापाच्या होडीचा. चारांनाही आतून फासला, यानीचा हात त्यात बुडाला, तो हात माझ्या उशीच्या अभ्र्यावर उमटलाय. धुवायला टाकला नाही अजून, साबण संपलाय.

चोवीस तारखेला, मंगळवारच आहे, ती परत निघतात. वाटेतल्या सगळ्यांना मी आता बजावलंय की ही गाडी दिसली की बिनतारीवर बोला, पाणी प्यायली तरी बोला. मारीपर्यंतचं मला कळेल. पुढचं नाही कळणार. तेव्हा या पत्राला तुम्ही उत्तर लिहायचं नाही, वासोनंही नाही. ब्रॉनही नको, तिला काळजी लपवता येते हे आता मला कळलंय. स्टेलिओनं लिहायचं. तुमच्या दारात गाडी थांबली की, सामान उतरवायच्या आधी, बूट न काढता. तिघं पोचलो एवढंच लिहिलं तरी पुरे. पण त्याच्याच हातानं, आणि त्याच दिवसाच्या टपालात.

मर्ल